अंधार करून गोष्ट सांगणारे सेकुरू

त्यांच्या बाबागाडीत बाळ कधीच नसायचं, ढोल असायचा. दोन ब्लँकेटांत गुंडाळलेला, वरून पावसाचं कव्हर. सेकुरू स्वतः भिजायचे, पण ढोलावर थेंब पडू द्यायचे नाहीत. मँचेस्टरच्या ट्रॅममध्ये म्हाताऱ्या बायकांना बाबागाडीत डोकावल्याशिवाय राहवत नाही. एखादी कौतुकानं वाकायची, किती महिन्यांचं म्हणून विचारायची.

"झोपलंय," सेकुरू हलक्या आवाजात सांगायचे. "उठवू नका. उठलं तर सगळ्यांना नाचावं लागेल."

चेहरा गंभीर. बाई अर्धवट हसून सरळ व्हायची आणि पुढचा स्टॉप येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायची.

ते झिंबाब्वेचे. भाषा शोना, आणि त्या भाषेत सेकुरू म्हणजे आजोबा. आईच्या भावालाही सेकुरूच म्हणतात. आमच्या भागातल्या लायब्ररीमागच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी ते मुलांना शोना गाणी, नाच आणि गोष्टी शिकवायचे. त्यांचं खरं नाव दाराजवळच्या पोस्टरवर छापलेलं होतं, पण ते कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. पोलिश पोरांचे वडील, आमच्यासारखे नागपूर-पुण्याकडचे लोक, हॉलचा केअरटेकर, सगळ्यांचेच ते सेकुरू. वय साठच्या आसपास असेल, पण दिसायचे सत्तरीचे. भर जूनमध्ये अंगात लांब रेनकोट आणि डोक्यावर लोकरीची टोपी.

माझी जुई तेव्हा सात वर्षांची होती. जन्म इथलाच. तिला सगळ्याची भीती वाटायची. टॉयलेटमधल्या हात वाळवायच्या मशीनची, फुग्यांची, वरच्या मजल्यावर एकटं जायची. शाळेतली टीचर म्हणाली, कशात तरी घाला, चारचौघांत मिसळली की भीड चेपेल. लायब्ररीत पोस्टर दिसलं, फुकट होतं, घराजवळ होतं. म्हणून गेलो. इतकी भित्री मुलगी मी कोणाच्या हाती देते आहे याची मला कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना गोल बसवलं आणि नाव विचारायच्या आधी प्रत्येकाला विचारलं, "तुला कशाची भीती वाटते?"

एक मुलगा छाती पुढे काढून म्हणाला, कशाचीच नाही. सेकुरूंनी त्याच्या आईकडे पाहिलं. "याला फुटबॉलला घाला," ते म्हणाले. "माझ्याकडे याला शिकवण्यासारखं काही नाही."

आईला वाटलं गंमत करताहेत. ते गंमत करत नव्हते. शेवटी त्या मुलानं कबूल केलं की त्याला जिन्याखालच्या कपाटाची भीती वाटते, तेव्हा कुठे त्याला बसायला जागा मिळाली.

जुईची पाळी आली. ती माझ्या मांडीत तोंड खुपसून पुटपुटली, "हँड ड्रायर."

"मलाही," सेकुरू म्हणाले. "आणि मला सरकत्या जिन्याचीही वाटते."

हे खरं होतं. नंतर एकदा आम्ही सिटी सेंटरमध्ये एकत्र होतो, तेव्हा बाबागाडी घेऊन लिफ्टसाठी ते किती वेळ उभे राहिले. आणि लिफ्ट आली तर तिच्यातही शिरेनात. त्यांना कुत्र्यांची भीती वाटायची, खाकी पाकिटातून येणाऱ्या सरकारी पत्रांची वाटायची, मागून येणाऱ्या पावलांची वाटायची. दाराकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. इथे भीतीला कोणी भीती म्हणत नाही. कन्सर्न्स म्हणतात, स्ट्रेस म्हणतात. पण सेकुरू "मला भीती वाटते" हे वाक्य "मला तहान लागली" इतक्या सरळपणे म्हणायचे, आणि ते ऐकून का कोण जाणे मीच नजर वळवायचे.

त्यांच्याकडे म्बिरा होती. लाकडाच्या फळीवर लोखंडाच्या पट्ट्या, दोन अंगठे आणि एका बोटानं छेडायच्या. ती एका अर्ध्या भोपळ्यात बसवलेली, आणि भोपळ्याच्या काठाला बाटल्यांची बुचं ठोकलेली. वाजवली की सुराबरोबर बुचांची किरकिर ऐकू यायची. एका मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, तुमचं वाद्य बिघडलंय. सेकुरू खूश झाले. "किरकिर काढून टाकली तर सूर एकटा पडेल," ते म्हणाले. "एकट्यानं अंधारात जाऊ नये."

शाबासकी देण्याची पद्धत त्यांच्यात नव्हती. मूल चुकलं तरी "पुन्हा", छान केलं तरी "पुन्हा". नाचताना मुलांच्या घोट्यांवर बुचांच्या माळा बांधायचे. पाय आपटला की घुंगरांसारखा, पण घुंगरांहून खडबडीत आवाज. हॉलमध्ये शिरताना मुलांनी खाली वाकून टाळ्या वाजवायच्या. तो नमस्कार. आम्ही मोठ्यांनीही. आणि मग प्रत्येकाला विचारायचं, तुझं कुळ कुठल्या प्राण्याचं? कारण शोना माणसाच्या कुळाला एक प्राणी असतो आणि तो त्यानं खायचा नसतो. बाकीचे पालक गोंधळले. मला मात्र चटकन आमचं देवक आठवलं. माहेरचं मोरपीस. मी सांगितल्यावर ते उठून उभे राहिले, पुन्हा वाकून टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसापासून मला "मोर" म्हणायला लागले. "मोर, कशा आहात?" इतक्या वर्षांत या देशात माझं देवक कोणी विचारलं नव्हतं.

पण सगळ्यात विलक्षण प्रकार गोष्टीच्या वेळी व्हायचा. गोष्ट उजेडात सांगायची नाही. सांगणाऱ्याला शिंगं फुटतात. मुलांना वाटे हे आपल्याला घाबरवायला आहे; पण सेकुरू स्वतः ते मानायचे. मी त्यांना पाहिलंय, हॉलच्या उंच खिडक्यांवर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, बिनबॅगा, चिकटवताना. स्टुलावर चढून, कडेनं उजेडाची एक रेघ दिसली तरी पुन्हा टेप मारताना. केअरटेकर वैतागायचा, खिडक्यांचा रंग निघतो म्हणून. सेकुरू त्याची माफी मागायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा स्टूल मागायचे.

मी एकदा त्यांना सांगितलं, आमच्याकडेही दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली तर मामा वाट चुकतो असं माझी आई म्हणायची.

ते हसले नाहीत. "मामा म्हणजे सेकुरू," ते म्हणाले. "म्हणजे मीच."

हिवाळा त्यांना आवडायचा. "हा देश हाडांना वाईट आहे," ते म्हणायचे, "पण चार वाजता रात्र देतो." अंधार झाला की ते जमिनीवर बसायचे आणि हाक द्यायचे, "पायवापो!" म्हणजे, कोणे एके काळी. मुलांनी एका दमात म्हणायचं, "झेपफुंदे!" मग एक वाक्य. पुन्हा झेपफुंदे. प्रत्येक वाक्याला. मुलांचा आवाज पडला की ते थांबायचे. ऐकणाऱ्यानं होकार दिल्याशिवाय गोष्टीनं पुढे पाऊल टाकायचं नाही, असा नियम.

त्या गोष्टी गोड नव्हत्या. ससा आणि माकडाच्या गमतीच्या असायच्या तशा इतरही असायच्या, ज्यात चुकीच्या वाटेनं गेलेलं पोर खरंच परत यायचं नाही. त्या अंधारात म्बिरा किरकिरत असायची आणि सेकुरूंचा आवाज खाली खाली जात जवळजवळ जमिनीतून यायचा. मी भिंतीशी बसून ऐकायचे. तीस मुलं बसलीत आणि कोणी खोकत नाही, हलत नाही, असं या देशात मी फक्त तिथेच पाहिलं. जुई माझा हात घट्ट धरायची. घरी येताना मात्र ती बडबडायची, आणि एके दिवशी ती आपणहून वरच्या मजल्यावर दात घासायला गेली. मला वाटलं, चला, औषध लागू पडतंय.

मग ती पाण्यातल्या बाईची गोष्ट आली.

वसंत संपत आला होता, बाहेर लख्ख ऊन. बिनबॅगा लावायला त्यांना बराच वेळ लागला, त्यामुळे गोष्ट उशिरा सुरू झाली. एक मुलगी, तिन्हीसांजेला एकटीच डोहावर पाणी आणायला जाते. डोहात एक बाई राहते. ती पोरांना खाली ओढून नेते. शोनात तिला न्जुझू म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला, कारण लहानपणी आई आम्हाला विहिरीत डोकावू द्यायची नाही, आसरा ओढतात म्हणायची. इतक्या लांबच्या दोन मुलखांतल्या पाण्यांत एकच बाई कशी, असा विचार मी करत होते, तोवर गोष्टीतली मुलगी लव्हाळ्यात लपली होती.

"बाईनं हाक मारली," सेकुरू म्हणाले. "मैत्रिणीच्या आवाजात."

"झेपफुंदे."

"मुलगी बोलली नाही. मग बाईनं हाक मारली वडिलांच्या आवाजात."

"झेपफुंदे."

"मुलगी बोलली नाही. पाण्याकाठी हाक आली तर ओ द्यायची नाही, हे तिला माहीत होतं. मग बाईनं हाक मारली आईच्या आवाजात. आईपेक्षा गोड. आईपेक्षा मऊ. ये बाळा, मी रागावले नाहीये, ये."

"झेपफुंदे," मुलं कुजबुजली.

"मुलीनं स्वतःच्या तोंडात बोटं कोंबली."

आणि हॉलचे दिवे लागले. केअरटेकर दारात उभा. वेळ संपली होती, मागाहून योगाच्या क्लासचं बुकिंग होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात मुलं डोळे चोळत होती. सेकुरूंचा चेहरा मी पाहिला. राखेसारखा झाला होता. ते केअरटेकरकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. "पुढच्या वेळी," ते मुलांना म्हणाले, पण असं म्हणाले की जणू काही कोणी त्यांच्याकडून ते बळजबरीनं वदवून घेतलं.

पुढच्या शनिवारी हॉल नव्हता. शहराबाहेरच्या तळ्याकाठी लायब्ररीनं फॅमिली डे ठेवला होता आणि सेकुरूंच्या मुलांचा नाच होता. त्यांना जायचं नव्हतं. पाण्याजवळ नको, ते आधी दोनदा म्हणाले. पण लायब्ररीवाल्यांनी पोस्टर छापली होती.

तळं मोठं होतं, जुन्या खडीच्या खाणीत पाणी भरून झालेलं. काठाला बोर्ड: खोल पाणी, थंड पाणी, पोहू नये. एका बाजूला लव्हाळी आणि त्यांच्यातून गेलेली लाकडी वाट, टोकाला पक्षी बघायची खोपी. नाच झाला. मुलं छान नाचली, सेकुरू "पुन्हा" म्हणाले, ती पुन्हा नाचली. जुईसुद्धा, जीभ बाहेर काढून, घोट्यांवरच्या माळा आपटत. नवरा ऑफिसच्या कामानं केंब्रिजला गेला होता, त्याला मी व्हिडिओ पाठवत होते.

तेवढ्यात कोणाचं तरी मोठं कुत्रं पट्टा तोडून मुलांच्या घोळक्यात शिरलं. चावलं नाही, नुसतं भुंकत गोल गोल धावलं. पण मुलं किंचाळत चहूकडे पांगली. सेकुरू ढोलाच्या मागे जाऊन बसले, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. मालकानं कुत्रं पकडलं, सॉरी सॉरी म्हणत नेलं. मुलं एकेक करून परत आली.

जुई आली नाही.

पहिल्यांदा माणूस घाबरत नाही. टॉयलेटमध्ये असेल, आइस्क्रीमच्या व्हॅनजवळ असेल. मग आपण भरभर चालायला लागतो. मग कोणीतरी विचारतं, अंगात काय होतं तिच्या? आणि पिवळा टीशर्ट हे दोन शब्द आपण तीनतीनदा सांगतो.

लव्हाळ्याच्या कडेला चिखलात बुचांची एक माळ सापडली. एकाच पायाची. तिच्यापुढे पाणी होतं.

ती माळ हातात घेऊन मी काठानं हाका मारत फिरू लागले. मूल घाबरलेलं असलं तर ओरडू नये, आणखी दडून बसतं, असं मला एका बाईनं सांगितलं. म्हणून मी आवाज आवरला. सगळा जीव एकवटून तो मऊ केला, त्यात हसू आणलं. "जुई, बाळा, ये ना. आई रागावली नाहीये. ये सोन्या." पाणी अगदी शांत होतं. दोन बदकं चालली होती. माझा आवाज त्या पाण्यावरून जात होता आणि काही न घेता परत येत होता.

पोलीस आले. एक तरुण पोलीस बाई माझ्याजवळ राहिली, बाकीचे झाडीत गेले. कोणीतरी खोपीचं दार उघडून पाहिलं होतं, आत कोणी नाही म्हणाला. पोलीस बाईच्या खांद्यावरच्या रेडिओतून बोलणं ऐकू आलं, पाण्यात उतरणारी टीम निघाली आहे. तिनं चटकन आवाज बारीक केला, पण मी ऐकलं होतं. मी तिथेच गवतात बसले आणि पुन्हा हाका मारायला लागले, तशाच लाडात, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

तेव्हा जुईची मैत्रीण मिया माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या वर्गातली, तिच्याएवढीच. म्हणाली, "ती ओ देणार नाही."

"का?"

"तुमचा आवाज आईचा आहे ना," मिया म्हणाली, हे मला कसं कळत नाही अशा सुरात. "पाण्याजवळ आईच्या आवाजाला ओ द्यायची नसते."

मला समजायला एक क्षण लागला. मग मी उठले. सेकुरू अजून ढोलापाशीच होते. मी त्यांच्या रेनकोटाची कॉलर धरली. काय बोलले ते सगळं आठवत नाही. बरंचसं मराठीत होतं. एवढं आठवतं, की मी म्हणाले, "तुम्ही तिला त्या गोष्टीत कोंडून ठेवलंय. बाहेर काढा. संपवा ती गोष्ट. आत्ता. इथे."

त्यांनी वर आकाशाकडे पाहिलं. दुपारचे जेमतेम तीन वाजले असतील, ढग नव्हता.

"शिंगं फुटू देत," मी ओरडले.

"मोर," ते म्हणाले, "मला शेवट माहीत नाही."

मी कॉलर सोडली.

"माझी आत्या सांगत होती," ते म्हणाले. "मी या मुलांएवढा होतो. आमच्याकडे लढाई चालू होती, रात्री कोणी बाहेर पडायचं नाही. इथपर्यंत सांगून झालं आणि बाहेरून तिला कोणी तरी हाक मारली. शेजाऱ्याच्या आवाजात. ती आले म्हणाली आणि उठून गेली. ती परत आली नाही. मी कधी ही गोष्ट सांगत नाही. या वेळी वाटलं, सांगता सांगता शेवट सुचेल."

पोलीस बाई आमच्याकडे बघत होती. तिला काय वाटलं असेल देव जाणे. मी फक्त एवढं म्हणू शकले, "काहीतरी सांगा."

सेकुरूंनी टोपी काढली. त्यांना मी पहिल्यांदाच टोपीशिवाय पाहत होते. पांढरे केस, मध्ये टक्कल, आणि त्यावर ऊन. त्यांनी मुलांना काठाशी बसवलं, सगळ्यांना गप्प केलं, पोलिसांनाही. हाका मारणारे थांबले. मग ते पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या रेनकोटाची खालची कड हलताना दिसत होती.

"पायवापो!"

"झेपफुंदे!" मुलं म्हणाली.

"मुलगी लव्हाळ्यात होती." आवाज फाटला. त्यांनी घसा खाकरला. "तिनं तोंडात बोटं कोंबली होती."

"झेपफुंदे!"

"बाई हाका मारत राहिली. मैत्रिणीच्या. वडिलांच्या. आईच्या. सगळे आवाज बाईकडे होते. पण, पण एका वेळी एकच." इथे ते अडले. इतका वेळ अडले की मला वाटलं झालं, संपलं, यांच्याकडे पुढचं नाही. त्यांच्या हनुवटीवरून घाम की काय ते ओघळत होतं. "एका वेळी एकच आवाज. म्हणून मग गाव आलं. अख्खं गाव काठावर आलं. कोणीही मुलीला नावानं हाक मारली नाही. सगळे एकदम गाऊ लागले. म्हातारे, पोरं, भांडलेले, सर्दी झालेले. इतके आवाज एका वेळी बाईला काढता येईनात."

त्यांनी ढोलावर हात मारला आणि मुलांना माहीत असलेलं गाणं सुरू केलं. मुलं गायली. मिया सगळ्यात मोठ्यांदा. मग पालक, ज्यांना शब्द येत नव्हते ते नुसतेच. पोलीस बाईही ओठ हलवत होती. मी गात होते की रडत होते, सांगता येणार नाही. आणि या सगळ्यावर सेकुरूंचा आवाज, बेसूर, कापरा, मध्येच तुटणारा. ते गात होते आणि ढोल बडवत होते आणि त्यांची नजर पाण्यावरून हलत नव्हती. मी इतका घाबरलेला माणूस त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेला नाही.

खोपीच्या दिशेनं लाकडावर आवाज आला. एका पायाचा. छन्, मग नुसतं पाऊल. छन्, पाऊल. लव्हाळ्यांच्या वर पिवळा टीशर्ट दिसला.

ती खोपीत बाकाखाली, अगदी कोपऱ्यात, फळीच्या मागे शिरून बसली होती. बोटांवर दातांचे वण उमटले होते. मी तिला उचललं तेव्हा तिनं आधी माझा चेहरा हातानं चाचपून पाहिला, मग नाक, मग कान, आणि मगच माझ्या गळ्यात हात टाकले.

सेकुरू ढोलावर डोकं टेकून बसले होते. गाणं चालूच होतं. मुलांना थांबायचं कोणी सांगितलंच नव्हतं.

परत येताना ट्रॅममध्ये ते आमच्या समोर बसले. जुई माझ्या मांडीवर झोपली होती. माझा राग उतरला नव्हता. एकदाच विचारलं, "ती आली नसती तर?"

"तर मी गोष्ट संपवली नसती," ते म्हणाले. "रात्र झाली असती तरी."

नंतरचं थोडक्यात सांगण्यासारखं आहे. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर आग लागली. मुलांना काय काय सांगतात, कोणाची परवानगी, पोलीस चेक झालाय का. लायब्ररीनं गोष्टी बंद करायला सांगितल्या. सेकुरूंनी एका शब्दानं वाद घातला नाही. बिनबॅगा काढून घडी घालून केअरटेकरला परत दिल्या. नाच आणि म्बिरा चालू राहिली, पण आतून काही तरी उचलून नेलं असावं तसा हॉल वाटायचा. मुलं कमी झाली. आम्ही जात राहिलो. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. पण जुई जेवण झालं की दारात बूट घालून उभी राहायची.

शरद ऋतूत ते लंडनकडच्या इल्फर्डला मुलीकडे राहायला गेले. शेवटच्या दिवशी ते जुईसमोर वाकले, टाळ्या वाजवल्या, आणि तिला म्हणाले, "तुला भीतीत सोडून मी मध्येच उठायला नको होतं." माझ्याशी ते काही बोलले नाहीत. माफी तिचीच मागायची होती, आणि ते बरोबरच होतं. तिनंही वाकून टाळ्या वाजवल्या. बाबागाडी ढकलत ते स्टॉपकडे गेले.

त्या दिवसाबद्दल मी जुईला काही विचारलं नव्हतं. आम्ही एका समुपदेशक बाईकडे काही महिने तिला नेत होतो, तिनं सांगितलं होतं, मुलीला आपणहून बोलू द्या. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की गाव गायला आलं तो शेवट तिला पटला. इतके आवाज एकदम ऐकून तिची खात्री पटली. मी ही हकिकत लोकांना तशीच सांगायचे, सेकुरूंना ऐन वेळी किती चांगला शेवट सुचला म्हणून.

पुढच्या वर्षी एकदा आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत होतो आणि मी तिच्यासमोरच फोनवर कोणाला तरी ते सांगत होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तसं नाही झाली, आई."

"मग कसं झालं?"

"साँग तर नंतर आला. मी आधीच बाहेर येत होती." तिनं एक शेंग उघडली, दाणे मोजल्यासारखे बोटानं ढकलले. "सेकुरूची आवाज शेक होत होती ना. खूप. मग मला कळला की तो रिअल आहे."

"का बरं?"

"कारण ती पाण्यातली बाई कधीच स्केअर्ड नसते," जुई म्हणाली. "तिची आवाज एकदम नाइस असते. त्या दिवशी तुझी होती ना, तशी."